ध चा मा आणि अलार्मची पेटी

जूनमध्ये एका लग्नासाठी आई आणि मी सांगलीला गेलो होतो. तिसऱ्या दिवशी परत आलो तर जिन्यातच शेजारचे काका भेटले. हातात दुधाची पिशवी. म्हणाले, "परवा रात्री तुमचा भोंगा वाजला बरं का. पावणेतीनला."

"मग?"

"मग काय, चार मिनिटं वाजला आणि थांबला. म्हटलं, थांबला म्हणजे मिटलं असेल."

काकांना बोल लावण्यात अर्थ नाही. खालच्या मजल्यावरच्यांनी ऐकला होता, समोरच्या इमारतीतल्यांनी ऐकला होता. एकाने खिडकी उघडून "कुणाचा आहे हो?" असं अंधाराला विचारलंही होतं. अंधार काही बोलला नाही, तेव्हा त्याने खिडकी लावून घेतली. घरात शिरलो तर कडीकुलूप जागच्या जागी, कपाट जागच्या जागी. हॉलच्या कोपऱ्यात बसवलेल्या सेन्सरच्या पांढऱ्या भिंगाखाली मात्र पालीची लेंडी. चोर म्हणजे ती पालच. हा पीआयआर सेन्सर समोरून येणाऱ्या उष्णतेतला बदल टिपतो. खोलीच्या पलीकडच्या टोकाला चालणारा माणूस आणि भिंगावरच बसलेली पाल त्याला सारखीच दिसतात.

आणि हूटर चारच मिनिटं का वाजला? कारण पॅनेलमध्ये तेवढाच वेळ भरलेला होता. पेटीने आपलं काम चोख केलं: पाहिलं, ओरडली, गप्प बसली. माझ्या फोनला त्यातलं काही कळलं नाही, कारण पेटीचा घराबाहेरच्या कुणाशी संबंधच नव्हता.

शनिवार पेठेत राहणाऱ्याला असल्या प्रसंगाची नजीर शोधायला लांब जावं लागत नाही. आमच्या घरापासून शनिवारवाडा चालत पाच मिनिटांवर. १० जानेवारी १७३० रोजी पहिल्या बाजीरावांनी त्याचा पाया घातला. दिल्ली दरवाजाच्या एकेका झडपेवर आठ गुणिले नऊ असे ७२ पोलादी खिळे आहेत, हत्तीने धडक मारू नये म्हणून. पाहायला येणारे लोक त्या खिळ्यांना हात लावून फोटो काढतात. पण ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणपतीत, नारायणराव पेशव्यांना मारायला गारदी आले ते हा दरवाजा फोडून नव्हे. ग्रँट डफने १८२६ मध्ये छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिलंय की पेशव्यांचे काका राघोबादादा यांच्या भागापासून वेगळी वाट काढण्यासाठी भिंत पाडून नवीन दार करायचं काम चाललं होतं. ते अर्धवट दार बंद नव्हतं, तिथून ते आत घुसले. मारेकरी बाहेरचे नव्हतेच, वाड्याच्या पगारावरचेच पहारेकरी. त्याहून चटका लावणारी गोष्ट पुढे आहे. गारद्यांमध्ये गडबड असल्याची कुणकुण पेशव्यांना त्याच दिवशी लागली होती. त्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलं. हरिपंत जेवायला गेले, बंदोबस्त नंतर करू म्हणाले.

म्हणजे इशारा झाला होता. तो ऐकणाऱ्याने ऐकलाही होता.

राघोबादादांच्या चिठ्ठीतल्या "धरावे"चं आनंदीबाईंनी "मारावे" केलं ही आख्यायिका मराठी माणसाला वेगळी सांगायला नको. पुराव्याने ती सिद्ध झालेली नाही, पण "ध चा मा" हा शब्दप्रयोग मराठीला कायमचा चिकटला. आमची अलार्मची पेटी घरातल्या बाकी यंत्रणेला जोडायचा उद्योग मी आणि माझ्या भाच्याने यंदाच्या पावसाळ्यात केला, तेव्हा हा शब्दप्रयोग रोज तोंडात होता. दोन यंत्रांमध्ये निरोप्या बसवला की पहिली भीती हीच: एकाने काय सांगितलं आणि दुसऱ्याने काय ऐकलं?

आधी पेटीबद्दल. विजेवर चालणाऱ्या चोरघंटीचं पेटंट अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ऑगस्टस पोप याने २१ जून १८५३ रोजी घेतलं. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावून तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. दार किंवा खिडकी उघडली की मंडल पूर्ण होऊन घंटा वाजायला लागायची, आणि दार पुन्हा लावलं तरी वाजतच राहायची. कल्पना झकास, पण मेख अशी की कुणी तार आधीच कापून ठेवली तर घंटा कधीच वाजणार नाही, आणि घरच्यांना पत्ताही लागणार नाही. पुढच्या लोकांनी म्हणून उलटा विचार केला. वीज सतत वाहती ठेवायची आणि ती थांबली की बोंब मारायची. आजच्या पेट्या याच जातीच्या. दाराच्या चौकटीत बोटाच्या पेराएवढी काचेची नळी असते, तिला रीड स्विच म्हणतात. दारावर लोहचुंबक. दार लागलेलं असलं की चुंबकाच्या ओढीने नळीतल्या दोन पात्या चिकटून राहतात, उघडलं की सुटतात. हा स्विच १९३६ मध्ये अमेरिकेच्या बेल लॅब्समधल्या वॉल्टर एलवुडने शोधला, तोही चोरांसाठी नव्हे, टेलिफोनच्या कामासाठी.

आमची पेटी कॅनडातल्या डीएससी कंपनीची, आठ झोनची. वडील असताना बसवलेली. बूट ठेवायच्या कपाटाच्या वर लोखंडी डबा, आत हिरवा बोर्ड, १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी आणि वायरांचा गुंता. दाराजवळ कीपॅड. बसवून देणाऱ्याचा फोन आता लागत नाही.

भाच्याने झाकण उघडलं, फोनचा टॉर्च लावला आणि थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "मावशी, हे बघ." बोर्डाच्या कडेला स्क्रूच्या टर्मिनलांमध्ये सहा इवलेसे रेझिस्टर ओळीने बसवलेले होते. हिरवा, निळा, लाल पट्टा: ५६०० ओहम. दिसायला नीटनेटकं काम. पण हे रेझिस्टर पेटीत असायलाच नकोत.

कारण असं. पॅनेल प्रत्येक झोनच्या वायरमधून थोडी वीज सोडून वाटेत अडथळा किती आहे ते मोजत बसतं. ५६०० ओहम मिळाले तर सगळं ठीक. अडथळा अमर्याद झाला तर दार उघडलं किंवा वायर तुटली. शून्य झाला तर कुणीतरी दोन वायरी एकमेकींना चिकटवल्या. ही तिहेरी पारख व्हायची असेल तर रेझिस्टर वायरीच्या पार शेवटी, दाराच्या चौकटीतल्या सेन्सरपाशी हवा. बसवणाऱ्याला स्टुलावर चढून प्रत्येक चौकटीत डाग द्यायचा कंटाळा आला की तो सगळे रेझिस्टर पेटीतच लावून मोकळा होतो. मग बाहेर वाटेत कुठेही दोन वायरी जोडल्या तरी पेटीला ५६०० ओहमच दिसत राहतात.

भाच्याने करूनच दाखवलं. दाराच्या चौकटीतल्या दोन वायरी सेफ्टी पिनेने जोडल्या आणि दार सताड उघडलं. जिन्यातला वारा आत येत होता आणि कीपॅडवर हिरवा दिवा शांतपणे सांगत होता की सगळं बंद आहे. इतकी वर्षं आम्ही त्या दिव्याकडे बघून झोपायला जात होतो. ध चा मा व्हायला आनंदीबाईच लागतात असं नाही, आळशी माणूसही पुरतो.

सहा रेझिस्टर जागच्या जागी न्यायला अख्खा रविवार गेला. पुढच्या कुठल्याही जोडणीपेक्षा हे काम मोलाचं होतं, असं माझं आजही मत आहे. घराला "स्मार्ट" करायला निघालेल्यांनी आधी स्टूल आणि सोल्डरिंग गन काढावी.

मग जोडणी. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग मिळतात, वायर-केसिंगला तपकीर गल्ली. पेटीचं नाव काढल्यावर दुकानदार म्हणाला, "कशाला जुनं उकरताय ताई? वायफायवालं नवीन घ्या, ॲपवर सगळं." सल्ला वाईट नाही, पुष्कळांना तेच सोयीचं. माझी अडचण एवढीच की त्यातल्या बऱ्याच यंत्रांचा निरोप आमच्या हॉलमधून निघून परदेशातल्या कुठल्यातरी सर्व्हरला वळसा घालून माझ्या हातातल्या फोनवर येतो. इंटरनेट गेलं की निरोप गेला. आणि आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, तेव्हा राउटरही मान टाकतो. जुनी पेटी स्वतःच्या बॅटरीवर तग धरते.

तर जुनीच ठेवायची आणि तिचं बोलणं ऐकायचं, असं ठरलं. पेटी आणि कीपॅड यांच्यामध्ये चार वायरी असतात: लाल आणि काळी विजेच्या, पिवळी ठेका धरणारी, हिरवी निरोपाची. याला कीबस म्हणतात. पिवळीच्या तालावर हिरवीतून एकेक बिट जातो. तबल्याच्या साथीवर पेटी वाजावी तसं. कुठलं दार उघडं, अलार्म लागलाय की नाही, मेन लाइट आहे की गेली, बॅटरी किती दमली, सगळं तिथून वाहत असतं. ही भाषा जगभरच्या हौशी लोकांनी कान देऊन उलगडली आणि फुकट वाटली. चारपाचशे रुपयांचा ईएसपी३२ नावाचा बोर्ड या वायरींवर बसवला की तो ते ऐकतो. पेटीतलं व्होल्टेज त्याला झेपत नाही म्हणून मध्ये रेझिस्टरांच्या जोड्या लावून ते खाली आणायचं. बोर्ड ऐकलेलं वायफायवरून घरातल्याच एका छोट्या संगणकाला सांगतो. त्यावर होम असिस्टंट नावाची प्रणाली चालते. पॉलस शाउट्सन या डच तरुणाने ती २०१३ मध्ये सुरू केली, आणि ती घरातल्या घरात चालते.

दोघांच्या मधला निरोप्या म्हणजे एमक्यूटीटी. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनींची खबर उपग्रहावरून स्वस्तात आणण्यासाठी हा रचला. यातली एक सोय मला फार आवडली. बोर्ड जोडला जातानाच निरोप्याकडे आपलं मृत्युपत्र ठेवतो. त्यांच्या भाषेतही त्याला तेच म्हणतात. "माझा आवाज बंद झाला तर हे जाहीर करा." बोर्ड मेला, कुणी उपटून टाकला, वायफाय बसलं, की निरोप्या ते मृत्युपत्र वाचून दाखवतो आणि माझ्या फोनवर येतं, "पेटीशी बोलणं तुटलं." पोपच्या घंटीला जे जमत नव्हतं ते हेच. काकांच्या "थांबला म्हणजे मिटलं असेल" यालाही हेच उत्तर.

पहिल्या आठवड्यात गंमत वाटली. पहाटे पाणी भरायला उठलं की पॅसेजचा दिवा मंद लागायला लागला. रात्री अलार्म लावला की गिझर आणि हॉलचे पंखे आपोआप बंद. "लाइट आली" हा निरोप मला ऑफिसात मिळायला लागला आणि मी उगाच मीटर खात्याच्या माणसासारखी वागायला लागले. कायदा घरफोडीत सूर्यास्तानंतरची आणि सूर्योदयाआधीची असा वेगळा हिशेब धरतो. होम असिस्टंटलाही पुण्याचे अक्षांश-रेखांश दिले की रोजचा सूर्यास्त मिनिटासकट ठाऊक असतो. तेव्हा सूर्यास्तानंतर दार पाच मिनिटं उघडं राहिलं तर निरोप, दिवसा नाही, अशी तजवीज केली. आई म्हणाली, "दिवेलागणीला दार लावू नये, लक्ष्मी येते." तिच्यासाठी ती पाच मिनिटांची पंधरा केली.

मग गणपती आले.

खिडकीच्या गजाला कंपनं ओळखणारा सेन्सर आहे. ढोलपथक आमच्या गल्लीतून सरावाला निघालं की गज थरथरायचा आणि पेटीला वाटायचं कुणी कानस घेऊन बसलंय. विसर्जनाची मिरवणूक तीस तासांच्या आसपास चालते, त्यात केळकर रस्ता हाकेच्या अंतरावर. कीपॅडवर जाऊन तो झोन हाताने वगळायचा, हा साधा उपाय. भाच्याला तो गावठी वाटला. "मावशी, बोर्डाला एक ट्रान्झिस्टर लावला की तो कीपॅड असल्याचं सोंग घेऊन पेटीला हुकूमही देऊ शकतो. गणपतीत खिडकी आपोआप वगळेल. तू घराजवळ आलीस की फोन ओळखून अलार्म आपोआप काढेल. कोड दाबायलाच नको."

हे ऐकायला फार गोड होतं. आमच्यात पहिला खटका इथेच उडाला.

आत्ता बोर्ड फक्त ऐकतो. तो बिघडला, संगणक गोठला, वायफायचा पासवर्ड कुणाला मिळाला, तर फार तर मला चुकीची बातमी कळेल. पेटी आपल्या जागी ठाम राहील. पण ट्रान्झिस्टर लावला की जो हिशेब दिवे आणि गिझर चालवतो तोच दाराचा पहारा उठवू शकतो. फोन चोरीला गेला तर फोन घेऊन येणारा चोर हा घरचा माणूस ठरेल. वाड्याचे पहारेकरी फितले तर खिळ्यांचा काय उपयोग, हे या पेठेने बघून झालंय. भाचा म्हणाला, "तू फारच जुनं काढतेस." काढतेच. राहतेच तिथे.

आणखी एक गोष्ट त्याला माहीत नव्हती, त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीची. ३१ ऑक्टोबर १९७६ ला विजयनगर कॉलनीत जोशी कुटुंबातले तिघे मारले गेले. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर संस्कृतचे पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर आणि त्यांच्या घरातले मिळून पाच जण. मारेकरी टिळक रस्त्यावरच्या कला महाविद्यालयातले विद्यार्थी निघाले. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली. त्या हिवाळ्यात पुणं सातच्या आत दार लावून घ्यायला लागलं. दारावरची साखळी आणि बघायचं भोक पुण्याच्या घराघरात तेव्हा आलं, असं त्या पिढीचा कुणीही सांगेल. आईने अजून ती साखळी काढलेली नाही. दारं फोडली गेली नव्हती. बेल वाजली, दार उघडलं गेलं.

अशा वेळेसाठी पॅनेलमध्ये एक सोय असते. नेहमीचा कोड सोडून धाकाचा वेगळा कोड. तुमच्या मानेवर सुरा ठेवून कुणी अलार्म काढायला लावला तर तो दाबायचा. समोरच्याला दिसतं की अलार्म निघाला, पण निगराणी केंद्राला गुपचूप खबर जाते. अमेरिकेत अशी केंद्रं आहेत. आमच्या घरची पेटी कुठल्याच केंद्राला जोडलेली नाही, त्यामुळे आमचा धाकाचा कोड कुणालाच काही सांगत नाही. हे कोडं आम्हाला सुटलेलं नाही. एवढंच केलं की अलार्म निघाल्यावर स्पीकरने स्वागत करायचं, दिवे लावायचे, असले चोचले काढून टाकले. नको त्या वेळी घराने तोंड उघडलं तर आतल्या माणसाचा जीव जाऊ शकतो.

एक चूक माझीही झाली. कामाच्या ताईंना स्वतंत्र कोड दिला होता. तो दाबला की माझ्या फोनवर वेळेसकट निरोप यायचा. चार दिवसांनी मी त्यांना विचारलं, "काल सव्वानऊ झाले का हो?" त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "तू घाशीराम कोतवाल कधीपासून झालीस?" तो निरोप मी त्याच दिवशी बंद केला. आई स्वतः मात्र कोड दाबतच नाही. "माझ्या घरात यायला मी त्या पेटीला विचारू?" असं म्हणून ती ताईंनाच हाक मारते.

उरला मूळ प्रश्न: खबर माझ्या फोनवर आली, मी सांगलीला आहे, पुढे काय? पोलिसांना ११२ वर फोन करता येतो आणि करावाच. पण काय सांगणार? "माझी पेटी म्हणते की हॉलमध्ये कुणीतरी आहे"? पाल की माणूस, ते बघायला शेजारीच लागतो. शेवटी काकांशी बोलले. त्यांच्या परवानगीने त्यांच्या पॅसेजमध्ये एक दिवा लावला, तो आमच्या यंत्रणेला बांधलेला. आमचा अलार्म झाला की तो लाल होतो आणि काका स्वतः बटण दाबेपर्यंत लालच राहतो. म्हणजे चार मिनिटांनी "मिटलं" म्हणायची सोय नाही. काकांची अट एकच होती: आवाज नको. माझी अटही एकच: बाहेर यायचं नाही, भोकातून बघायचं, मला फोन करायचा, दार तुटलेलं दिसलं तर ११२. हे सगळं मोठ्या अक्षरांत लिहून दिव्याखाली चिकटवलं. काकांनी त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका लाल पेनने दुरुस्त केल्या.

नवरात्रात आम्ही दोन दिवस कोकणात होतो. रात्री साडेअकराला फोन वाजला. काका होते. "दिवा लाल झालाय. बघितलं. दार नीट आहे, कुलूप आहे, जिन्यात कुणी नाही. तुझ्या खिडकीत मांजर बसलंय, ते मला इथून दिसतंय. बटण दाबू का?"

"दाबा," म्हटलं.

खिडकीचा तो सेन्सर आता थोडा मंद केला आहे. बॅटरी नवीन टाकली, तिच्यावर मार्करने तारीख लिहिली. ती चारपाच वर्षं टिकते, आणि मेली तरी बाहेरून दिसत नाही. दिवाळीच्या साफसफाईत तुमच्याही पेटीचं झाकण एकदा उघडून बघा. रेझिस्टर ओळीने पेटीतच दिसले, तर बसवणाऱ्याला परत बोलवा. भाच्याने आणलेला ट्रान्झिस्टर दोनपाच रुपयांचा आहे. तो पुडीतच, स्वयंपाकघराच्या खणात पडून आहे, आणि तिथेच राहणार आहे.